शौचकूपांतील पाणी : साखळीपासून किरणापर्यंत

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येक घरांतून रेडिओचा आवाज लहान करण्यांत आला असेल, हें मी जाणून आहें. इतिहास म्हटला म्हणजे आपणांस राजे, लढाया आणि तह आठवतात. शौचकूपाचा इतिहास तो काय सांगावयाचा, असें कोणीहि म्हणेल. परंतु ज्या गोष्टीवांचून राजाचेंहि चालत नाहीं आणि रंकाचेंहि चालत नाहीं, तिचा विचार सभ्य माणसांनीं टाळला म्हणून तिचें महत्त्व कमी होत नाहीं. उलट, सभ्य माणसांनीं तो टाळला म्हणूनच त्याचा भार दुसऱ्या कोणाच्या तरी माथीं बसला. ही गोष्ट पुढें ओघानें येईलच.

आपणांपैकीं अनेकांनीं विमानतळावर किंवा मोठ्या रुग्णालयांत एक नवलाची वस्तु पाहिली असेल. तेथील शौचकूपांत ओढावयाला साखळी नसते, दाबावयाला कळ दिसत नाहीं. भिंतीवर काळ्या कांचेचा एक लहानसा चौकोन तेवढा असतो. मनुष्य उठून बाजूला झाला कीं पाणी आपोआप धो धो वाहतें आणि आपोआप थांबतें. लहान मुलें या प्रकाराला भितात, मोठीं माणसें कौतुक करतात, आणि दोघेंहि तेथून निघून जातात. या काळ्या चौकोनामागें सव्वाचारशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे.

त्याचा आरंभ इंग्लंडांत झाला. राणी एलिझाबेथ हिचा धर्मपुत्र सर जॉन हॅरिंग्टन यानें १५९६ सालीं एक विनोदी पुस्तक लिहून त्यांत स्वतः योजलेल्या शौचकूपाचें वर्णन केलें. वर पाण्याचा हौद, खालीं भांडें, आणि भांड्याच्या तळाशीं एक झडप, अशी ती रचना होती. झडप उघडली कीं हौदाचें पाणी सर्व घाण खालच्या खड्ड्यांत लोटून देई. राणीच्या राजवाड्यांतहि असें एक यंत्र बसलें, तरी त्याचा प्रसार झाला नाहीं. घरोघर नळाचें पाणी नव्हतें आणि रस्त्याखालीं गटारें नव्हतीं. कल्पना पुढें आणि व्यवस्था मागें राहिली म्हणजे उत्तम यंत्राचीहि हीच गत होते. आजच्या भाषणांत हा धडा आपणांस पुनः एकदां भेटणार आहे.

यानंतर पावणेदोनशें वर्षें लोटलीं. १७७५ सालीं अलेक्झांडर कमिंग नांवाच्या एका घड्याळजीनें भांड्याखालच्या नळाला वळण देण्याची युक्ति काढली. त्या वळणांत थोडें पाणी सदैव साचून राहतें आणि गटाराची दुर्गंधी घरांत येऊं देत नाहीं. आजहि पाण्याच्या बहुतेक शौचकूपांखालीं हें पाण्याचें कुलूप आहे. तीन वर्षांनीं, म्हणजे १७७८ सालीं, जोसेफ ब्रामा या कुशल कारागिरानें झडपेंत सुधारणा केली.

१८५१ सालीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें जें भव्य प्रदर्शन भरलें, तेथें जॉर्ज जेनिंग्ज यानें सार्वजनिक शौचकूप बसविले. प्रत्येकीं एक पेनी देऊन ८,२७,२८० लोकांनीं त्यांचा उपयोग केला, अशी नोंद आहे. परंतु घरोघर पाण्याचे शौचकूप झाले तसतशी त्यांतली घाण गटारांवाटे थेम्स नदींत जाऊं लागली, आणि त्याच नदीचें पाणी लोकांच्या पोटांत! १८५४ सालीं डॉक्टर जॉन स्नो यानें ब्रॉड स्ट्रीटवरील एका हापशाच्या पाण्यामुळें पटकी पसरते, असें दाखवून दिलें. १८५८ च्या उन्हाळ्यांत नदीला असा उग्र दर्प सुटला कीं, तिच्या काठावर भरणाऱ्या पार्लमेंटच्या सभासदांनाहि बसवेना. तेव्हां कोठें जोसेफ बॅझलगेट या एंजिनियराच्या हातीं पैसा आला आणि लंडनखालीं प्रचंड गटारांचें जाळें बांधलें गेलें. प्रधान मंडळींच्या नाकाला झोंबल्यावांचून सुधारणा होत नाहीं, हा नियम केवळ आपल्याच देशाचा आहे असें नाहीं.

पाण्याचा सुकाळ झाला तशी त्याच्या नासाडीची चिंताहि उत्पन्न झाली. नळाच्या मुख्य वाहिनीला शौचकूप थेट जोडूं नये, मध्यें मोजक्या पाण्याची टाकी असावी, असा दंडक इंग्लंडांत पडला. डोक्यावर ओतीव लोखंडाची टाकी आणि तिला लोंबणारी साखळी हें इंग्रजी शौचकूपाचें रूप त्यांतून निघालें, आणि इंग्रजी राज्याबरोबर तेंच आपल्या आगगाडीच्या स्थानकांत, कचेऱ्यांत आणि चाळींत आलें. साखळी ओढली कीं टाकींतली घंटा वर उचलली जाते, पाणी वांकड्या नळींतून चढून पलीकडे उतरूं लागतें आणि टाकी रिकामी होईपर्यंत थांबत नाहीं. मात्र टाकी पुनः भरेपर्यंत दुसऱ्याला वाट पाहावी लागते. नाटकाच्या मध्यंतरांत हें वाट पाहणें किती अवघड होतें, तें मी सांगावयास नको.

अमेरिकेनें निराळा मार्ग धरला. १९०६ सालीं शिकागो शहरीं विल्यम स्लोन यानें टाकी अजीबात काढून टाकणारी एक झडप बनविली. तिची रचना मोठी गमतीची आहे. झडपेच्या पोटांत रबराचा एक पडदा असतो आणि त्याला सुईच्या अग्राएवढें एक छिद्र असतें. त्या छिद्रांतून थोडेंसें पाणी पडद्याच्या वर जाऊन बसतें आणि आपल्या दाबानें पडद्याला खालीं दडपून ठेवतें. दांडा हलविला म्हणजे वरचें हें मूठभर पाणी निसटतें, पडदा उचलला जातो आणि नळाचें पाणी पूर्ण जोरानें भांड्यांत शिरतें. तोंपर्यंत छिद्रांतून पाणी पुनः वर जमूं लागलेलें असतें. तें पुरेसें जमलें कीं पडदा बसतो आणि प्रवाह थांबतो. टाकी भरेपर्यंत थांबणें नको. इंग्लंडांत मात्र अशा झडपेस १९९९ च्या नियमांपर्यंत परवानगी नव्हती.

आतां उरला तो दांडा हलविणारा हात. तोहि दूर करण्याची किल्ली एका ज्योतिषशास्त्रज्ञानें नकळत घडवून ठेवली होती. युरेनस ग्रहाचा शोध लावणारा विल्यम हर्शेल हा १८०० सालीं सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येकाची उष्णता मोजीत होता. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं, तेथें ठेवलेल्या उष्णतामापकाचा पारा सर्वांत अधिक चढला. अशा रीतीनें अवरक्त किरणांचा शोध लागला. पुढें १९६१ सालीं अमेरिकेंत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनींतील बियर्ड व पिटमन या दोघां संशोधकांस असें आढळलें कीं, गॅलियम आर्सेनाइड या पदार्थाच्या लहानशा तुकड्यांतून वीज नेली असतां हेच अदृश्य किरण बाहेर पडतात. काळ्या कांचेमागें असाच एक तुकडा किरण सोडीत असतो आणि शेजारीं दुसरा तुकडा परत येणाऱ्या किरणांची वाट पाहत असतो. समोर मनुष्य आला कीं किरण त्याच्या अंगावरून परततात. तो कांहीं सेकंद स्थिर राहिला म्हणजे यंत्र सज्ज होतें. तो दूर झाला म्हणजे विजेचें एक लहान लोहचुंबक पडद्यावरच्या पाण्याला वाट करून देतें. पुढचें सर्व काम स्लोनच्या जुन्याच युक्तीनें होतें.

हें ऐकून वाटेल कीं, आतां मनुष्याला करण्यासारखें कांहीं उरलेंच नाहीं. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. अमेरिकन धर्तीच्या अशा झडपेस एक इंच व्यासाचा नळ आणि चौरस इंचास सुमारें २५ पौंड दाब लागतो. एवढा दाब हवा तर पाण्याची टाकी सुमारें साडेसतरा मीटर उंच पाहिजे. आपल्या इमारतींत टाकी गच्चीवर असते. म्हणजे सर्वांत वरच्या मजल्याला तीन-चार मीटरांचाच दाब मिळतो. तेथें ती झडप बसविली तर एक तर पाणी जोरानें येणार नाहीं, किंवा पडदा नीट न बसल्यानें तें वाहतच राहील. म्हणून दाब आधीं मोजावा आणि कमी दाबाची झडप घ्यावी किंवा पंप बसवावा. झडप जोडण्यापूर्वीं नळ मोकळा सोडून त्यांतली वाळू व गंज धुवून काढावा, कारण वाळूचा एक कण त्या सूक्ष्म छिद्रांत अडकला तरी पाणी बंद होत नाहीं. भांड्याचें घाण पाणी उलट शोषलें जाऊन पिण्याच्या नळांत शिरूं नये म्हणून झडपेखालीं हवा आंत घेणारें जें लहान उपकरण असतें, तें खर्च वांचविण्यासाठीं कधींहि गाळूं नये. आणि काळ्या डोळ्यासमोर आरसा किंवा चकचकीत पोलादी दार येऊं देऊं नये, नाहीं तर त्यावरून परतणाऱ्या किरणांनीं यंत्राची फसगत होते.

देखभालीचे नियमहि थोडे पण कडक आहेत. कांच मऊ ओल्या फडक्यानें पुसावी, तिला आम्ल किंवा खरखरीत भुकटी लावूं नये. बॅटरी पुरती संपण्याआधीं बदलावी. रबराचा पडदा कांहीं वर्षांनीं झिजतोच, म्हणून एक जादा पडदा संग्रहीं ठेवावा. उघडण्यापूर्वीं बाजूचा तोटीचा स्क्रू फिरवून पाणी बंद करावें. नजरेचा पल्ला चुकीचा लावला तर नुसतें कोणी जवळून गेलें तरी पाणी सुटतें. अमेरिकेंतील टँपा शहरीं एका कचेरींत हाताच्या झडपा काढून स्वयंचलित झडपा बसविल्यावर मोजणी केली, तेव्हां पाण्याचा खर्च घटावयाच्या ऐवजीं बराच वाढलेला आढळला. तेव्हां 'स्वयंचलित' आणि 'काटकसरी' हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत, असें विक्रेत्यानें सांगितलें तरी मानूं नये. हाताला लागणारें पाणी टळतें, रोगाचा संसर्ग कमी होण्यास मदत होते, वृद्धास व अपंगास सोय होते. हे लाभ खरे आहेत, पण काटकसर यंत्रांत नसते, तें नीट लावणाऱ्या माणसांत असते.

आतां आरंभीं राहिलेल्या गोष्टीकडे वळतों. आपल्या देशांत माणसाची विष्ठा हातानें उचलून डोक्यावरून वाहण्याचें काम जन्मानें ठरलेल्या लोकांच्या माथीं मारण्यांत आलें. १९०१ सालीं कलकत्त्याच्या काँग्रेसमध्यें महात्मा गांधींनीं प्रतिनिधींचा घाण झालेला संडास स्वतः झाडून काढला. आमच्या कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं कणकवलीस गोपुरी आश्रमांत राहून याच कामासाठीं देह झिजविला. टोपलीची ही प्रथा बंद करणारा कायदा १९९३ सालीं झाला, आणि अधिक कडक असा दुसरा कायदा २०१३ सालीं. तरीहि गटारांत उतरून गुदमरून मेलेल्या माणसांच्या बातम्या अजून वर्तमानपत्रांत येतात. म्हणून इंग्रजास किंवा अमेरिकनास पाण्याचा शौचकूप ही सोय वाटली असेल; आपल्याकडे ती एका मनुष्याची सुटका आहे.

याच कारणानें मला एक प्रसंग फार बोंचला. कांहीं दिवसांपूर्वीं एका मोठ्या कचेरींत जाण्याचा योग आला. तिचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथें प्रत्येक शौचकूपांत तो काळा चौकोन होता आणि एकहि चालत नव्हता. बॅटऱ्या संपून बरेच महिने झाले होते. त्या कोणी बदलावयाच्या याचा निर्णय कागदोपत्रीं अडला होता. हातानें दाबावयाची कळ त्या झडपांना ठेवलेलीच नव्हती. एक प्रौढ बाई बालदी घेऊन एकामागून एक भांड्यांत पाणी ओतीत होत्या. मीं विचारलें, "बाई, हें तुम्हीं रोज करतां?" त्या म्हणाल्या, "मास्तर, साखळी होती तेव्हां ज्याची त्यानें ओढायची. आतां यंत्र आलं, म्हणून कोणी हात लावत नाहीं. सगळं माझ्यावर आलं."

श्रोतेहो, हात लावावा लागत नाहीं, असें त्या यंत्राच्या जाहिरातींत लिहिलेलें असतें. कोणाचा हात, हें मात्र लिहिलेलें नसतें. हॅरिंग्टनच्या वेळीं यंत्र होतें, पण व्यवस्था नव्हती. त्या कचेरींतहि तेंच घडलें. आपल्या सोसायटींत, शाळेंत किंवा दवाखान्यांत अशी झडप बसविण्याचा प्रस्ताव आला, तर तो अवश्य मंजूर करा. परंतु त्याच ठरावांत दाबावयाची साधी कळ, बॅटरीची तरतूद, आणि महिन्यांतून एकदां ती पाहणाऱ्या माणसाचें नांव व पगार हीं तिन्ही लिहून घ्या. आणि कधीं तो काळा डोळा मिटलेला दिसला, तर जातां जातां एक तांब्या पाणी आपणच ओता. तेवढ्यानें आपली प्रतिष्ठा कमी होणार नाहीं, आणि मागून येणाऱ्या बाईंची एक खेप वांचेल.