पहिल्या वर्षाची निवड

गेल्या श्रावणातील एका रविवारी पहाटे पाचच्या सुमारास कोथरूडच्या आमच्या घरात दिवा लागलेला दिसला, तेव्हा कोणी आजारी तर नाही ना, या शंकेने आम्ही उठून पाहिले. आमचा १९ वर्षांचा पुतण्या संगणकापुढे कागद-पेन्सिल घेऊन बसला होता. न्यू जर्सीस राहणारे त्याचे चुलतभाऊ व त्यांचे स्नेही मिळून १२ जणांनी अमेरिकी फुटबॉलचा एक मानसिक खेळ मांडला होता, आणि तिकडे शनिवारची संध्याकाळ असल्यामुळे इकडे आमची झोपमोड झाली होती.

हा खेळ वाचकांपैकी पुष्कळांस अपरिचित असेल, म्हणून त्याचे स्वरूप थोडक्यात सांगतो. प्रत्यक्ष मैदानावर खेळणाऱ्या गड्यांची नावे पाळीपाळीने आपल्या कागदी संघात घ्यावयाची, आणि ते गडी दर आठवड्यास जो पराक्रम करतील त्याचे गुण आपल्या पदरी पडावयाचे. एका गड्यावर दोघांस हक्क सांगता येत नाही. १९६२ साली विंकेनबाख नामक एका अमेरिकी गृहस्थाने ही कल्पना काढली आणि १९६३ साली ऑकलंड येथे आठ धन्यांनी पहिली निवड केली. पुढे तिच्या अनेक शाखा झाल्या. बहुतेक शाखांत वर्ष सरले की संघ मोडतो. आमच्या पुतण्याने पत्करलेल्या शाखेस मात्र ‘डायनॅस्टी’ म्हणजे घराणे असे नाव आहे. तीत एकदा घेतलेला गडी आपण होऊन सोडीपर्यंत अथवा तो निवृत्त होईपर्यंत आपलाच राहतो. दरसाल केवळ नवोदितांची एक छोटी निवड होते, आणि तीत गतवर्षी तळाशी राहिलेल्या धन्यास पहिली पाळी मिळते. अर्थात पहिल्या वर्षाच्या निवडीत जे चुकले, ते पुढे कित्येक वर्षे निस्तरावे लागते.

“काका, नाव गाजलेला घेऊ की कोवळा घेऊ?” त्याने विचारले. त्याची पाळी दहावी होती, आणि नामांकित गडी एकेक करून दुसऱ्यांच्या पदरी जात होते.

त्या खेळाचे आमचे ज्ञान त्याने पुढील अर्ध्या तासात दिले तेवढेच. चेंडू काखेस मारून प्रतिपक्षाची फळी फोडीत धावणारा गडी धक्के खाऊन लवकर झिजतो. सत्ताविशी-अठ्ठाविशीत त्याची उतरण लागते. चेंडू फेकणारा नायक पस्तिशीपर्यंत, क्वचित त्याहून अधिक टिकतो. म्हणून वय हे सर्वांस एकाच मापाने मोजता येत नाही. १९६३ च्या त्या पहिल्या निवडीत सर्वांत आधी उच्चारले गेलेले नाव जॉर्ज ब्लांडा याचे होते. तो तेव्हाच पस्तिशीचा होता, आणि पुढे १९७५ सालापर्यंत, वयाच्या ४८ व्या वर्षापर्यंत, तो खेळत राहिला!

हे सर्व ऐकताना आमचे चित्त भलतीकडेच गेले. आमच्या घरापासून मृत्युंजयेश्वराचे पेशवेकालीन देऊळ दूर नाही. ज्या काळात ते उभे राहिले, त्या काळाच्या आरंभी नेमका हाच प्रश्न एका १९ वर्षांच्या तरुणापुढे पडला होता, आणि तेथे कागदी गुणांचा नव्हे, राज्याचा व्यवहार होता.

१७२० च्या एप्रिलात पेशवे बाळाजी विश्वनाथ सासवडास निवर्तले, आणि १७ एप्रिल रोजी शाहू महाराजांनी त्यांच्या वडील मुलास पेशवाईची वस्त्रे दिली. बाजीरावाचा जन्म १८ ऑगस्ट १७०० चा. म्हणजे त्यास अद्याप विसावे वर्ष पुरे झाले नव्हते. पद मोठे होते, परंतु नामांकित माणसे आधीच वाटली गेली होती. सेनापती दाभाडे, प्रतिनिधी, सरखेल आंग्रे, नागपूरकर भोसले ही सर्व थोर मंडळी आपापल्या फौजेनिशी छत्रपतींची चाकर होती, पेशव्यांची नव्हती. त्यांपैकी कित्येकांच्या मते हा पोरगा अपक्व होता, आणि त्याचा हुकूम मानणे त्यांस कमीपणाचे वाटे. पुतण्याची दहावी पाळी निदान खेळातली होती. बाजीरावाची पाळी सर्वांच्या शेवटी आली होती.

अशा वेळी दुबळा धनी गाजलेल्या नावांच्या पाठीस लागतो आणि भारी किंमत देऊन दुसऱ्याने टाकलेला माल घेतो. बाजीरावाने तसे केले नाही. ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते अशा माणसांकडे त्याने पाहिले. मल्हारराव होळकर हा नीरेकाठच्या होळ गावचा, धनगर कुटुंबातला. लहानपणीच बाप वारला, तेव्हा आईने त्यास खानदेशात तळोद्यास मामा भोजराज बारगळ याच्याकडे नेले, आणि तेथे तो स्वारीची विद्या शिकला. राणोजी शिंदे हा सातारा प्रांतातील कण्हेरखेडचा. पेशव्यांचे जोडे छातीशी धरून झोपलेला राणोजी बाजीरावाच्या दृष्टीस पडला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. ती खरी असो वा नसो, त्याची सुरुवात किती खालून झाली हे ती नीट सांगते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मल्हाररावाचा जन्म १६९३ चा. म्हणजे तो आपल्या धन्याहून सात वर्षांनी मोठा होता. तेव्हा बाजीरावाने ‘तरुण निवडले’ असे जे म्हणतात, ते अर्धेच खरे. ज्यांचा उत्कर्ष अद्याप व्हावयाचा होता, अशांस त्याने निवडले. वय हे त्या गोष्टीचे एक लक्षण खरे, परंतु एकमेव लक्षण नव्हे. याच्या उलट उदाजी पवार. पवारांचे कूळ जुने, उदाजी शूर, आणि माळव्यात त्याचे पाऊल होळकर-शिंद्यांच्या आधी पडलेले. त्या दिवशीची कोणतीही यादी केली असती, तर त्याचे नाव या दोघांच्या वर लागले असते. पण त्याचे पेशव्यांशी बिनसले, तो दाभाड्यांच्या पक्षास मिळाला, आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या रणात त्या पक्षाचा मोड झाला. पुढे धारचे घराणे त्याचा भाऊ आनंदराव याच्या नावे उभे राहिले. ज्यास आपल्यावाचूनही मोठेपण आहे असा माणूस आपल्यापाशी टिकतोच असे नाही.

निवडीचे फळ लवकर आले. १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेडास निजामाची कोंडी झाली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरास अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजीअप्पाने माळव्याचा सुभेदार गिरिधरबहादूर यास मारले. १७३७ च्या डिसेंबरात भोपाळास निजाम पुन्हा कोंडला गेला. १७२० साली ज्यांची नावे दरबारात कोणी घेत नव्हते, त्यांची पागा नर्मदेपलीकडे दरारा बसवू लागली.

आता या निवडीची दुसरी बाजू पाहू. आमच्या मते हीच इतिहासातील अधिक मोलाची शिकवण आहे. गडी निवडणे एक आणि त्यास काय देऊन बांधावे हे दुसरे. शिवछत्रपतींचा कल सरदारांस रोख वेतन देण्याकडे होता. जहागिरी तोडून देणे त्यांस नापसंत असे. औरंगजेबाशी झुंज चालू असता राजाराम महाराजांच्या काळात खजिना उरला नाही, तेव्हा हाती नसलेल्या, जिंकावयाच्या मुलखावर देणग्या लिहून द्याव्या लागल्या. त्याखेरीज राज्य तरते ना, हे कबूलच आहे. पुतण्याच्या खेळातही पुढील वर्षांच्या पाळ्या आज विकून आजचा गडी घेता येतो. त्याच मासल्याचा हा व्यवहार. बाजीरावाच्या हाती हीच रीत आली. तो जन्मभर कर्जाने गांजलेला होता. फौजेस पगार देण्यास पैसा नाही, तेव्हा ‘मुलूख जिंका आणि त्यातून फौज पोसा’ याहून दुसरा उपाय नव्हता. १७३२ च्या सुमारास माळव्याची वाटणी होऊन होळकर, शिंदे व पवार यांचे सरंजाम ठरले. सरंजाम म्हणजे वतन नव्हे. ती चाकरीपुरती नेमणूक. परंतु बाप मेला की मुलाच्या नावे सनद करून द्यावयाची असा परिपाठ पडला, आणि दोन पिढ्यांत नेमणुकीचे वतन होऊन बसले.

या घराण्यांनी धन्यास काहीच परत दिले नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. राणोजीचा पुत्र दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडला. त्याचा नातू जनकोजी पुढल्या वर्षी पानिपतावर गेला. त्याच रणातून जायबंदी होऊन निसटलेला महादजी हा राणोजीचा सर्वांत धाकटा मुलगा. घराण्याची वस्त्रे मिळवण्यास त्यास कित्येक वर्षे झगडावे लागले. १७७१ साली मराठ्यांनी दिल्ली पुन्हा हस्तगत केली, आणि १७८४ साली महादजी बादशाहीचा वकील-इ-मुत्लक झाला. बाजीरावाने केलेल्या निवडीचे सर्वांत मोठे फळ हे असे ६० वर्षांनी, आणि ज्याच्याकडून कोणाची अपेक्षा नव्हती त्याच्या हातून पदरात पडले. होळकरांच्या घरी पुत्र व सासरा गेल्यावर अहिल्याबाईंनी १७९५ पर्यंत राज्य ज्या रीतीने चालवले, तेही कोणत्याही निवडीत आधी दिसणारे नव्हते.

परंतु १७९४ साली वानवडीस महादजी निवर्तला, आणि पंधरा वर्षांच्या आसपासचा दौलतराव त्याच्या गादीवर बसला. त्यास कोणी निवडले नव्हते. तो वारसाने आला होता. पेशवाईवर दुसरा बाजीराव आला, तोही तसाच. होळकर आणि शिंदे १७९३ साली लाखेरीस एकमेकांशी लढले होतेच. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी ऐन दिवाळीत यशवंतराव होळकराने हडपसराजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा मोड केला. ज्या घराण्याची पहिली सनद पेशव्याने दिली, त्याच घराण्याच्या तोफा पेशव्याच्या पुण्यावर आल्या. बाजीराव पळाला, आणि ३१ डिसेंबरास वसईस इंग्रजांशी तह करून बसला. १८१८ चे बीज तेथे पेरले गेले.

थोरल्या बाजीरावाची निवड चुकली होती काय? आमच्या मते नाही. चूक ही की, निवड एकदाच झाली. त्याच्या हयातीत नवी माणसे येत राहिली; १८ व्या शतकाच्या अखेरीस मोठ्या जागा वारसांनी भरल्या होत्या, आणि खालून वर येण्याची वाट अरुंद झाली होती. १७२० साली कण्हेरखेडच्या पोरास जी संधी मिळाली, ती १८०० साली दुसऱ्या एखाद्या खेड्यातील पोरास मिळती तर मिळाली असती कोठून?

आणि येथे त्या अमेरिकी खेळापुढे आम्हांस मान तुकवावी लागली. त्यास घराणे असे नाव आहे, पण त्यात गड्याचा मुलगा बापाच्या जागी बसत नाही. गडी थकला की जागा रिकामी. दरसाल नवोदितांची निवड, आणि पहिला हात दुबळ्याचा. ज्यांनी हे नियम केले त्यांनी मराठ्यांचा इतिहास वाचला नसेल. परंतु तो वाचणारास जे उमजावे ते त्यांनी नियमात घातले आहे.

हे सर्व आम्ही पुतण्यास सांगितले. अर्थात पहाटे पाचास जितके सांगता येते तितकेच. सार एवढे की, गेलेल्या नावांची हळहळ करू नकोस. ज्याचा उत्कर्ष व्हावयाचा आहे तो घे. धावणाऱ्याचे वय पाहा, फेकणाऱ्याचे तितके पाहू नकोस. आणि काही झाले तरी पुढील वर्षांच्या पाळ्या आज विकू नकोस. त्याने दहाव्या पाळीस २२ वर्षांचा एक चेंडू झेलणारा गडी घेतला. नंतर, आम्ही चहा टाकण्यास उठलो तेवढ्या अवधीत, पुढील वर्षाची पहिली पाळी देऊन ३० वर्षांचा एक गाजलेला धावणारा गडी पदरात पाडून घेतला.

“पण काका, यंदा जिंकायचं तर आहे ना?” तो म्हणाला.

राजाराम महाराजांच्या कारभाऱ्यांनीही याहून वेगळे उत्तर दिले नसते. त्यांस मात्र दारात औरंगजेब उभा होता. आमच्या पुतण्यास तशी काही निकड नव्हती, हे आम्ही त्यास चहाबरोबर सांगितले.