मोहाची दारू (कर्जत–खालापूर)

मोहाची दारू हे मोह या वृक्षाची फुले आंबवून व त्यांचा अर्क गाळून तयार केले जाणारे पारंपरिक मद्य आहे. मध्य व पश्चिम भारतातील अनेक आदिवासी समाजांत ते प्रचलित आहे. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत ते प्रामुख्याने ठाकूर व कातकरी वस्त्यांशी निगडित आहे. फूल, पाणी, भांडे आणि धार यांनुसार या मद्याची चव बदलते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कायद्याने फुलांवर व भट्ट्यांवर निर्बंध आणल्यामुळे या परिसरातील मद्यनिर्मितीचे स्वरूप पालटले. आज ‘हातभट्टीची दारू’ या नावाने ओळखले जाणारे मद्य बहुतांशी काळा गूळ व नवसागर यांपासून बनते. मोहाच्या मूळ मद्याशी त्याचे साम्य थोडेच आहे.

परिसर

कर्जत तालुका उल्हास नदीच्या खोऱ्यात, तर खालापूर तालुका पाताळगंगेच्या खोऱ्यात वसलेला आहे. दोन्ही तालुक्यांच्या पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग असून माथेरानचा डोंगर कर्जत तालुक्यात येतो. खोऱ्यांत भातशेती आणि डोंगरउतारांवर पानझडी व निमसदाहरित जंगल अशी येथील भूरचना आहे. पानझडी जंगलात साग, ऐन, खैर, पळस यांच्या जोडीने मोह आढळतो. ठाकूर, कातकरी व महादेव कोळी हे येथील प्रमुख आदिवासी समाज होत. पूर्वी खैरापासून कात काढण्याचा व्यवसाय करणाऱ्या कातकरी समाजाची गणना केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केली आहे.

पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला कर्जत तालुका १८९१ मध्ये कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड असे झाले.

वृक्ष व फुले

मोहाचे शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया असे असून तो चिकूच्या कुळातील आहे. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास झाडाची जुनी पाने गळतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फुलांच्या फिकट पिवळसर, मांसल पाकळ्या एकमेकींस जुळून गोलसर बोंडासारख्या दिसतात. त्या रात्री उमलून पहाटे गळून पडतात. सूर्योदयापूर्वी झाडाखाली जाऊन फुले वेचण्याचे काम मुख्यतः स्त्रिया व मुले करतात. फुले स्वच्छ मिळावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधी झाडून किंवा जाळून टाकतात. जाळण्याच्या पद्धतीमुळे वणवा लागण्याचा धोका असतो.

वेचलेली फुले उन्हात वाळवली की मनुकांसारखी तांबूस-तपकिरी व सुरकुतलेली होतात. वाळलेल्या फुलांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. कोरडी ठेवल्यास ती अनेक महिने टिकतात. मद्याखेरीज त्यांचा अन्न म्हणूनही उपयोग होतो. फुले भाजून किंवा उकडून खातात, पिठात मिसळून त्यांच्या भाकऱ्या करतात आणि गुरांनाही चारतात. मोहाच्या बियांपासून तेल काढले जाते. धान्य संपत आलेले असताना, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तुटीच्या दिवसांत, ही फुले आदिवासी कुटुंबांना आधार देत आली आहेत.

निर्मिती

वाळलेली फुले पाण्यात भिजवून मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात झाकून ठेवतात. फुलांवरील व भांड्यातील यीस्टमुळे किण्वन सुरू होते. आधीच्या खेपेतील थोडे आंबलेले पाणी विरजणासारखे घातल्यास ते लवकर होते. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत, तर थंडीत आठवड्याहून अधिक काळात मिश्रण तयार होते. या आंबलेल्या मिश्रणास ‘सडवा’ म्हणतात. पोलीस व उत्पादन शुल्क विभागाच्या कारवाईच्या बातम्यांत त्याचा उल्लेख ‘रसायन’ असाही येतो. बुडबुडे येणे थांबले, फुले तळाशी बसली आणि गोड वास जाऊन आंबूस वास येऊ लागला, की सडवा गाळण्यास योग्य समजतात.

सडवा चुलीवरील मोठ्या भांड्यात तापवतात. भांड्याचे तोंड दुसऱ्या भांड्याने झाकून सांधे चिखलाने किंवा ओल्या कापडाने बंद करतात. पाण्याच्या आधी मद्यार्काची वाफ होते, कारण शुद्ध मद्यार्काचा उत्कलनबिंदू सुमारे ७८ अंश सेल्सिअस आहे. ही वाफ नळीतून थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्याकडे नेली जाते आणि तेथे तिचा द्रव होतो. पाणी सतत बदलावे लागत असल्याने भट्टी बहुधा ओढ्याकाठी लावतात. आच मंद व सारखी ठेवणे हे या कामातील मुख्य कौशल्य मानले जाते. आच वाढल्यास सडवा उतू जातो किंवा तळाची फुले करपतात आणि जळका वास थेट दारूत उतरतो.

प्रकार व चव

मोहाच्या दारूचे प्रकार मुख्यतः धारेवरून व गाळण्याच्या खेपांवरून ठरतात.

पहिल्या धारेची: गाळताना सुरुवातीस येणारी दारू. तीत मद्यार्काचे प्रमाण सर्वाधिक असते. फुलांचा वास उग्र व स्पष्ट असून चव तिखटसर असते. लवकर वाफ होणारे इतर घटकही याच धारेत येतात. त्यामुळे जाणते गाळणारे अगदी सुरुवातीचा थोडा भाग बाजूला काढतात. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग मराठीत अस्सल व कडक अशा अर्थाने रूढ झाला आहे.

मधल्या धारेची: या धारेत फुलांचा गोडसर गंध, सुक्या फळांची आठवण देणारी चव आणि किंचित धुरकटपणा यांचा मेळ असतो. नेहमीच्या पिण्यासाठी व देवकार्यासाठी हीच प्रामुख्याने वापरली जाते.

शेवटच्या धारेची: मद्यार्क कमी, पाणी अधिक. चव आंबूस व किंचित तेलकट असते. ती वेगळी ठेवून पुढील खेपेच्या सडव्यात मिसळतात.

दुबार गाळलेली: एकदा गाळलेली दारू पुन्हा गाळून अधिक कडक व स्वच्छ केली जाते. अशा दारूस पूर्वी ‘बेवडा’ म्हणत. हा शब्द पुढे पिणाऱ्या माणसालाच चिकटला.

एकदा गाळलेल्या दारूत मद्यार्काचे प्रमाण साधारणतः २० ते ४० टक्के असते. मात्र घरगुती पद्धतीत मोजमाप नसल्याने ते प्रत्येक खेपेस बदलते. ताज्या फुलांची दारू अधिक सुगंधी असते. जुन्या, ओल लागलेल्या फुलांची दारू कुबट लागते. मातीच्या भांड्यात गाळलेल्या दारूला मातकट छटा येते.

बिअरशी तुलना

बिअर धान्यापासून बनते. धान्यातील पिष्टाचे शर्करेत रूपांतर व्हावे म्हणून आधी ते भिजवून मोड आणावे लागतात. मोहाच्या फुलांत शर्करा तयारच असल्याने ही पायरी लागत नाही. बिअरचा कडवटपणा हॉप्स या वेलीच्या फुलांमुळे येतो. मोहाच्या दारूत तसा कडवटपणा नसतो आणि फेसही नसतो. बिअर आंबवून तशीच पितात, तर मोहाचा सडवा गाळावा लागतो. या दृष्टीने मोहाच्या दारूचे नाते बिअरपेक्षा गोव्याच्या काजू फेणीशी अधिक जवळचे आहे.

लहान प्रमाण, स्थानिक घटक व खेपेगणिक बदलणारी चव ही क्राफ्ट बिअरची म्हणून सांगितली जाणारी वैशिष्ट्ये मोहाच्या दारूलाही लागू पडतात. महाराष्ट्रात क्राफ्ट बिअरची सुरुवात पुण्यात झाली. तेथे २००९ मध्ये सुरू झालेली डूलाली ही देशातील आरंभीच्या लघू बिअर उद्योगांपैकी एक होय. तिचे नाव नाशिकजवळील देवळाली या लष्करी ठाण्याच्या नावावरून इंग्रजीत रूढ झालेल्या शब्दावरून घेतले आहे. अशा लघू उद्योगांना परवाना मिळू शकतो. ओढ्याकाठच्या भट्टीला मात्र तो मिळत नाही.

सामाजिक स्थान

आदिवासी समाजांत लग्न, बारसे, मृत्यूनंतरचे विधी आणि देवांना व पितरांना द्यावयाचा नैवेद्य या प्रसंगी मोहाच्या दारूला स्थान आहे. देवाच्या नावाने जमिनीवर चार थेंब शिंपडल्यावरच ती पिण्याचा प्रघात आहे. दुसरीकडे व्यसनामुळे कुटुंबांची होणारी हानी हा या वस्त्यांतील गंभीर प्रश्न आहे. राज्यात अनेक ठिकाणी दारूच्या भट्ट्यांविरुद्ध स्त्रियांनीच पुढाकार घेतला आहे. त्याच वेळी दारू गाळून विकणाऱ्यांत विधवा व भूमिहीन स्त्रियाही आढळतात आणि पोलीस कारवाईचा भार त्यांच्यावर पडतो.

इतिहास

आबकारी कायदा

ब्रिटिश अमलाच्या आरंभी गावोगावच्या छोट्या भट्ट्यांवर कर घेऊन दारू गाळू दिली जात असे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने ही स्थिती बदलली. गावांतील भट्ट्या बंद करून मद्यनिर्मिती मध्यवर्ती भट्ट्यांत आणण्याचे आणि विक्रीचा मक्ता देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. सरकारी महसूल वाढवणे हा त्यामागील प्रमुख हेतू होता.

उरणच्या भट्ट्या

या धोरणात उरणला विशेष महत्त्व आले. तेथील भट्ट्या प्रामुख्याने पारशी व्यावसायिकांच्या होत्या आणि त्यांची दारू मुंबई शहराला व आसपासच्या जिल्ह्यांना जात असे. तिच्यासाठी लागणारा कच्चा माल मोहाची फुलेच होती. ती पंचमहाल, जबलपूर अशा दूरच्या भागांतून आणली जात. अशा रीतीने कर्जतच्या रानातील फुलांची दारू गाळणे गुन्हा ठरले आणि शेकडो मैलांवरून आणलेल्या फुलांची दारू अधिकृत दुकानांत विकली जाऊ लागली.

१८९२ चा मोह कायदा

भट्ट्या बंद करूनही चोरून गाळणे थांबले नाही, कारण फुले जंगलात मोफत मिळत होती. यावर उपाय म्हणून मुंबई सरकारने १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांकरिता मोहाच्या फुलांविषयी स्वतंत्र कायदा केला. फुले बाळगणे, नेणे व विकणे यांवर त्यान्वये नियंत्रण आले. नुकताच कुलाबा जिल्ह्यात आलेला कर्जत तालुका या कायद्याच्या क्षेत्रात होता. फुले हे अन्नही असल्याने या कायद्याचा परिणाम केवळ मद्यापुरता मर्यादित राहिला नाही.

दारूबंदी

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लागू झाला. त्यातही मोहाच्या फुलांचा स्वतंत्र उल्लेख असून ‘फूल’ या संज्ञेतून फळ व बी वगळले आहे. पुढे महाराष्ट्रात दारूबंदी सैल होत गेली आणि १९७३ च्या नियमांनुसार परवानाधारक ‘देशी दारू’ विक्रीस आली. ही देशी दारू साखर कारखान्यांतील मळीपासून मिळणाऱ्या मद्यार्कापासून बनते आणि तिला संत्र्यासारखे स्वाद दिले जातात. मोहाच्या फुलांना या व्यवस्थेत स्थान मिळाले नाही.

गूळ व नवसागर

फुले बाळगणे धोक्याचे झाल्यावर बाजारात उघडपणे मिळणारा काळा गूळ हातभट्टीचा मुख्य घटक बनला. गूळ वर्षभर मिळतो आणि त्याचा सडवा लवकर तयार होतो. त्यात नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, घालतात. नवसागरातील नत्रामुळे यीस्टची वाढ होते. त्याने दारू ‘चढते’ असाही समज आहे. या दारूत फुलांचा गंध नसतो. ती घशाला जळजळणारी, उग्र वासाची असते. मोहाच्या दारूची म्हणून सांगितली जाणारी दुर्गंधी पुष्कळदा या गुळाच्या दारूची असते.

विषारी दारूच्या दुर्घटना बहुधा औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे होतात. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा दारूमुळे १०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. मिथेनॉल वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही.

सद्यःस्थिती

वन हक्क कायदा, २००६ अन्वये गौण वनोपजावर वनहक्कधारकांचा हक्क मान्य झाला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुलांचे संकलन, साठवणूक व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. फुले वेचणे व विकणे यामुळे सुकर झाले, परंतु विनापरवाना दारू गाळणे हा गुन्हा कायम आहे. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना मादक पदार्थांच्या नियमनाबाबत १९९६ च्या पेसा कायद्याने काही अधिकार दिले आहेत. रायगड जिल्ह्याचा समावेश अनुसूचित क्षेत्रात नसल्याने कर्जत व खालापूरच्या ग्रामसभांना हे अधिकार लागू होत नाहीत.

अन्यत्र या मद्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. गोव्याच्या काजू फेणीस २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. मध्य प्रदेश शासनाने २०२२ मध्ये मोहाच्या मद्यास ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता देऊन आदिवासी बचत गटांमार्फत निर्मितीचे धोरण आखले. महाराष्ट्रात डहाणू येथील साउथ सीज डिस्टिलरीज या कंपनीने मोहाचे मद्य बाटलीबंद स्वरूपात महागड्या मद्यांच्या बाजारात आणले आहे.

कर्जत व खालापूर परिसरात मात्र शेतघरे, रिसॉर्ट व वसाहतींसाठी जमिनींची मोठ्या प्रमाणावर विक्री झाली आहे. अनेक कातकरी कुटुंबे हंगामी कामासाठी वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. वीटभट्ट्यांचा हंगाम आणि मोहाच्या फुलांचा हंगाम एकाच काळात येत असल्याने फुले वेचण्यास घरी माणसे राहत नाहीत. त्यामुळे फूल ओळखणे, सडवा पारखणे आणि धार वेगळी करणे हे ज्ञान मुख्यतः जुन्या पिढीपुरते उरत चालले आहे.