मुंगसाची परदेशवारी

मुंगूस आडवं गेलं की आमच्याकडे मराठवाड्यात काम फत्ते झालंच म्हणतात. पोरं तर त्याला तोंड दाखवायला लावण्यासाठी शपथाच घालतात. राखाडी केस पिंजारलेले, डोळे लालसर, शेपटी जवळजवळ अंगाएवढी लांब. हा प्राणी इंग्रजीत 'मंगूस' झाला, तो आपल्याच बोलीतून.

हिंदीत नेवला, बंगालीत बेजी. इंग्रजांचं राज्य पसरलं ते आधी बंगालातून. मग बेजी का नाही गेली विलायतेला? कारण शब्द राज्याच्या आधीच जहाजात चढला होता. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. तिथलं कोकणी-मराठी मुंगूस त्यांनी उचललं, त्यांच्याकडून फ्रेंचांनी घेऊन त्याचं 'मांगूस्त' केलं. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ मध्ये मुंबईत आला, पुढे जुन्नरपर्यंत हिंडला; १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हे नाव आहे. पुढं इंग्रजांनी शेवटच्या अक्षरांना त्यांच्या ओळखीच्या 'गूस' पक्ष्याचं स्पेलिंग दिलं. पक्ष्याशी नातं काडीचं नाही, म्हणून अनेकवचन 'गीज' होत नाही.

कानडीतही मुंगुसी, तेलुगूत मुंगिस. म्हणजे शब्द बहुधा द्राविडी मुळाचा, अस्सल दख्खनी.

संस्कृतातलं 'नकुल' मात्र वेगळ्याच वाटेनं गेलं. ती वाट आमच्या वेरूळवरून जाते. तिथल्या बौद्ध लेण्यांत जंभल हा धनाचा देव आहे. त्याची पैशांची थैली मुंगसाच्या कातड्याची मानतात. संस्कृतात अशा थैलीला नावही 'नकुलक'. तिबेटात तर त्याच्या हाती रत्नं ओकणारं अख्खं मुंगूसच आलं. वेरूळला बहुतेक लोक थेट कैलास लेणं गाठतात. माझं म्हणणं, या स्थूल, ऐटीत बसलेल्या देवासमोर जरा थांबावंच.

नावामागोमाग प्राणीही परदेशी गेला. १८७२ साली उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली. उंदरांसोबत त्यांनी तिथले पक्षी आणि सरडेही फस्त केले. प्राणी बंगालचा, नाव मात्र आपल्या किनाऱ्याचं. जमैकातल्या लोकांनी या लबाड पाहुण्यावर गाणं रचलं, तेही 'मंगूस' म्हणूनच.