इंचगिरी परंपरेतील श्रवण

विजापूर जिल्ह्यातील इंचगिरी येथे भाऊसाहेब महाराजांनी (1843–1914) रुजवलेल्या परंपरेत आरंभी नामस्मरण आणि दीर्घ ध्यानावर भर होता. त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज यांनी तो विचाराकडे वळवला. मुंगीने फांदी-फांदीने झाड चढण्याऐवजी पक्ष्याने थेट फळ गाठावे, तसा हा विहंगम मार्ग. गुरूचे बोलणे नीट ऐकायचे, त्यावर मनन करायचे आणि ‘मी कोण’ याचा शोध स्वतःच घ्यायचा. ‘दासबोधा’वरील त्यांची निरूपणे हेच या साधनेचे मुख्य अंग होते.

ती टिपून ठेवणाऱ्या शिष्यांत निसर्गदत्त महाराज (1897–1981) होते. मुंबईत विड्यांचे दुकान चालवणाऱ्या या गृहस्थाला 1933 च्या सुमारास अनुग्रह मिळाला. पुढे खेतवाडीतील माळ्यावरच्या लहानशा खोलीत ते येणाऱ्यांशी मराठीत बोलत. विधी नेमून देण्यापेक्षा ‘मी आहे’ या जाणिवेवर थांबायला सांगत. या परंपरेचे खरे बळ याच साधेपणात आहे. रोजची भजने मात्र तिथे कधी सुटली नाहीत. त्यांची संभाषणे मॉरिस फ्रीडमन यांनी इंग्रजीत आणली आणि 1973 मध्ये ती ‘आय ॲम दॅट’ या नावाने पुस्तकरूपात आली. त्यानंतर परदेशी साधकही खेतवाडीत येऊ लागले; त्यांच्यासाठी दुभाषे बसत.