टिळकांचे वकील

१९०८ चा टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला आपल्याला शाळेपासून माहीत असतो. सहा वर्षांची शिक्षा, मंडालेचा तुरुंग, तिथे लिहिलेलं ‘गीतारहस्य’. या गोष्टीत वकील कुठे दिसतच नाही, कारण टिळकांनी तो खटला स्वतःच लढवला. पण त्यांच्यावर राजद्रोहाच्या कलमाखाली तीनदा कारवाई झाली, आणि तिन्ही वेळा कुणी ना कुणी बॅरिस्टर त्यांच्यासाठी उभा राहिला होता. राजकीय खटल्यात आरोपीचा वकील कुठे कुठे अडतो, हे मला या तीन प्रसंगांत जितकं स्पष्ट दिसतं, तितकं कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही.

पहिला प्रसंग १८९७ चा. जूनमध्ये पुण्यात रँडचा खून झाला आणि जुलैत टिळकांना अटक झाली. आरोप खुनाचा नव्हता, ‘केसरी’त छापलेल्या मजकुराचा होता: शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आणि शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत. जामीन आधी नाकारला गेला होता. मग दिनशा दावर या पारशी बॅरिस्टरांनी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींसमोर पुन्हा अर्ज केला आणि टिळक सुटले. दावरांचं हे नाव लक्षात ठेवा.

मुख्य खटल्यासाठी प्यू आणि गार्थ हे बॅरिस्टर थेट कलकत्त्याहून आले. खर्चाला बंगालमधूनही मदत झाली. आता त्यांची अडचण बघा. मूळ मजकूर मराठीत. अफजलखानाचा वध म्हटला की पुण्याच्या वाचकाच्या मनात काय काय येतं, हे ज्यांना समजावून सांगायचं ते नऊ ज्युरर. त्यांतले सहा युरोपियन. कोर्टापुढे होतं ते भाषांतर. त्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला कायदा समजावताना सांगितलं, की सरकारविषयी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव. मग वकिलाने काय सिद्ध करायचं, आपल्या अशिलाचं सरकारवर प्रेम होतं हे? निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलमध्ये अपिलाची परवानगी मागायला लंडनला टिळकांतर्फे उभे राहिले हर्बर्ट अॅस्क्विथ. ती मिळाली नाही.

अकरा वर्षं गेली. एप्रिल १९०८ मध्ये अॅस्क्विथ ब्रिटनचे पंतप्रधान झाले. दावर तोवर मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले होते. आणि जूनमध्ये टिळकांना पुन्हा अटक झाली. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर ‘केसरी’त आलेले ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख त्याला निमित्त होते. जामिनासाठी उभा राहिला एकतीस वर्षांचा बॅरिस्टर, महंमद अली जिना. समोर न्यायाधीश दावर. याच आरोपीसाठी, याच कलमाखाली जामीन मागणारे आणि मिळवणारेही तेच होते. त्यांनी जामीन नाकारला. खास ज्युरी नको, या टिळकांच्या बाजूच्या हरकतीचाही उपयोग झाला नाही. सात युरोपियन आणि दोन पारशी अशी ज्युरी बसली.

यापुढे वकील नाही. टिळकांनी हायकोर्टाच्या भाषांतरकाराची उलटतपासणी स्वतः घेतली. कुठल्या मराठी शब्दाला कुठला इंग्रजी शब्द लावलात आणि त्याने लेखाचा रोख कसा बदलला, हे ते एकेक करून काढत गेले. नंतरचं त्यांचं भाषण एकवीस तासांहून जास्त चाललं. मला वाटतं, कुणाही बॅरिस्टराला हे जमलं नसतं, आणि फक्त मराठी येत नाही म्हणून नव्हे. वकिलाचं काम खटला लहान करण्याचं असतं: या वाक्याचा अर्थ एवढाच, हा पुरावा अपुरा, हे कलम इथे लागत नाही. टिळकांना तो मोठा करायचा होता. देशातल्या वृत्तपत्रांना सरकारवर टीका करायचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न त्यांना कोर्टात मांडायचा होता. सुटका हवी की म्हणणं नोंदलं जायला हवं, हे शेवटी अशीलच ठरवतो. वकिलाने त्याच्या वतीने ठरवू नये. किंमत मात्र जबर होती. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि २२ जुलैच्या रात्री दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली.

पुढे दावरांना ‘सर’ ही पदवी मिळाली, तेव्हा बारने त्यांना मेजवानी द्यायचं ठरवलं. न्यायमूर्ती छागलांनी आत्मचरित्रात लिहिलंय, की मेजवानीचं परिपत्रक सहीसाठी जिनांकडे आलं, तेव्हा त्यांनी त्यावरच लिहून टाकलं, की एका थोर देशभक्ताला अशी शिक्षा देऊन पदवी मिळवणाऱ्या न्यायाधीशाला मेजवानी देण्याची बारला लाज वाटायला हवी. दावरांनी त्यांना चेंबरमध्ये बोलावून विचारलं, मी तुम्हाला कोर्टात कसा वागवतो? जिना म्हणाले, उत्तम. दोघांनाही रोज त्याच इमारतीत यायचं होतं. अशा वेळी ते लिहायला काय लागतं, हे कुठल्याही ज्युनिअर वकिलाला विचारा.

तिसरा प्रसंग १९१६ चा. मंडालेहून परतलेल्या टिळकांनी बेळगाव आणि अहमदनगरला होमरूलवर भाषणं केली. त्यावरून सरकारने चांगल्या वर्तनाच्या हमीसाठी त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. साठाव्या वाढदिवसाची ही भेट! पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने तसा हुकूमही दिला. हायकोर्टात जिना पुन्हा उभे राहिले. या वेळी ज्युरी नव्हती. न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांचं खंडपीठ होतं. सुटी सुटी वाक्यं उचलू नका, सबंध भाषण वाचा, असा जिनांचा आग्रह होता. न्यायाधीशांनी ती सबंध वाचली आणि ९ नोव्हेंबरला मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. तुरुंगाचा प्रश्न नव्हता, सरकारलाही १९०८ ची घाई नव्हती. हे सगळं मान्य. पण टिळकांनी या वेळी वकिलाला वकिलासारखं लढू दिलं, हेही खरं आहे.