आजोबांची रायफल आणि १९४८ ची गोष्ट

पोस्ट मोठी आहे. मराठवाड्यातल्या मंडळींनी तरी वेळ काढून वाचावी ही विनंती.

वाटूरला माझा शाळेपासूनचा एक मित्र आहे. गोष्ट लिहायला त्यानं परवानगी दिलीय, नाव लिहायला नाही. त्यामुळे नाव राहू द्या. बाहेरच्यांसाठी सांगतो, वाटूर म्हणजे परतूर तालुक्यातलं गाव. जालन्याहून मंठ्याकडे जाताना जिथून परतूरचा रस्ता फुटतो, तो वाटूर फाटा.

तीन वर्षांपूर्वी त्याचे वडील वारले. घरात आजोबांपासून चालत आलेली एक शिकारीची रायफल. परवानाधारक गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. मग वारसानं स्वतःच्या नावावर परवाना मागायचा, बाकीच्या वारसांची ना हरकत जोडायची, बंदूक सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण घ्यायचं. २०१६ च्या नियमांत वारसाहक्काची तरतूद आहे, पण कागद हळू चालतात. सगळं होऊन रायफल हातात आली तेव्हा तिचा पार अवतार झाला होता. नळीवर गंज, दस्त्याला भेग, लाकूड काळं पडलेलं.

मी सुताराच्या घरातला. नोकरी मास्तरकीची केली, पण रंधा हातातून सुटला नाही. मित्र म्हणाला, "लाकडाचं तेवढं तू बघ. आन् नळी अशी चकाचक करून घेऊ की तोंड दिसलं पाहिजे. सतरा सप्टेंबरच्या आत पाहिजे मला."

सतरा सप्टेंबर का, ते मला माहीत होतं. त्यांच्या घरची गोष्ट अख्ख्या गावाला पाठ आहे. रझाकार गावात आले तेव्हा आबांनी याच रायफलीनं त्यांना वेशीवरूनच पळवून लावलं. मित्राला बैठकीत काचेची पेटी करायची होती. पितळी पाटीही करून आणली होती : 'हैदराबाद मुक्तिसंग्राम, १९४८'.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर कुणीतरी घरीच पॉलिश पेपर घेऊन बसेल. बंदूक दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो, कलम ५. आपण ती मिस्त्रीकडे न्यायची झाली तरी परवानाधारक सोबत पाहिजे किंवा त्याचं लेखी पत्र पाहिजे. म्हणून आम्ही दोघं मिळून रायफल घेऊन शहरातल्या एका परवानाधारक कारागिराकडे गेलो. सुटे भागसुद्धा कायद्यानं शस्त्रच, त्यामुळे दस्ता मी घरी आणला नाही. त्यांच्याच दुकानात, त्यांच्या नजरेखाली बसून काम केलं.

लाकडाला मी फार काही केलं नाही. भेगेत लाकडाची चीप बसवली, मळ काढला आणि जवसाचं तेल चोळलं. थेंबभर तेल, तळहातानं गरम होईस्तोवर चोळायचं, वाळू द्यायचं, परत चोळायचं. बंदुकीच्या दस्त्यांना जगभर हेच तेल लावतात. आपल्याकडं जवस चटणीत जातो, एवढाच फरक. चौथ्या हाताला लाकडाच्या रेषा वर आल्या.

नळीचं काम मिस्त्रींचं. मित्रानं त्यांनाही सांगितलं, "मशीनवर धरा, चमकवा." मिस्त्री म्हणाले, "साहेब, चमकवली तर शिक्के जातील. नंबर, कारखान्याची खूण, चाचणीची खूण. ते घासणं गुन्हा आहे. गंज तेल लावून हातानं काढू, जेवढा निघेल तेवढा."

खरंच आहे ते. कलम ८ मध्ये शस्त्रावरची ओळखीची खूण खोडायला, बदलायला मनाई आहे. त्या एका नियमामुळे पुढचं सगळं घडलं.

गंज निघता निघता दुसऱ्या दिवशी नळीच्या बुडाशी अक्षरं दिसली. आर. एफ. आय. म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर, कोलकात्याजवळचा सरकारी कारखाना. बोअर .३१५. वर्षाचे शेवटचे दोन आकडे गंजानं खाल्लेले. आणि शेजारी एक बारीक ठसा. मी चष्मा पुसून पाहिला. मिस्त्रींनी भिंग दिलं. अशोकस्तंभाचे सिंह होते.

ज्यांच्या लक्षात आलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सारनाथचे सिंह आपलं राजचिन्ह झाले २६ जानेवारी १९५० ला. त्याआधी ईशापूरच्या बंदुकांवर इंग्रजांचा मुकुट असायचा. म्हणजे ही रायफल १९५० नंतरची. पोलीस ॲक्शन १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ ला निजामानं शस्त्रं खाली ठेवली. जी रायफल तयारच झाली नव्हती, तिनं रझाकार कसे पळवले असतील?

बोअरचीही एक गंमत आहे. इंग्रजांच्या फौजेची गोळी .३०३. ती सामान्य माणसाला मनाई, कारण फौजेतून गोळ्या चोरीला गेल्या तर बाहेरच्या बंदुकीत चालता कामा नयेत. १८५७ नंतर त्यांना आपली धास्ती होती, १८७८ चा शस्त्र कायदा त्यातूनच आला. म्हणून हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांसाठी ऑस्ट्रियाच्या फौजेची ८ मिलिमीटरची गोळी आली, तीच .३१५. १९३१ च्या कराची काँग्रेसनं मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगायचा हक्क लिहिला होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा नवा कायदा आला, पण फौजेची बोअर सामान्यांना बंदच राहिली. ईशापूर सामान्यांसाठी .३१५ च काढत राहिलं.

तर सिंह दिसला. मित्र दुकानाबाहेर चहा पीत होता. क्षणभर वाटलं, कशाला सांगायचं? म्हातारा गेला, मुलगा गेला, नातू खुश आहे. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं, मी मिस्त्रींकडं. शेवटी त्याला आत बोलावलं आणि भिंग हातात दिलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मग आबा खोटं बोलले का?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पण एका माणसाकडं होतं. त्याची मोठी आत्या, नव्वदीला टेकलेली, वऱ्हाडात लोणारकडं दिलेली. पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो.

आत्यांना रायफलीचं विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "ती तर महाराष्ट्र झाल्यावर घेतली बाबांनी. डुकरं ज्वारीत घुसायची म्हणून. परभणीला जाऊन लायसन काढलं होतं." हेही जुळलं. परतूर तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता, जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला.

"मग रझाकार आले तवा?"

आत्या थोडा वेळ गप्प बसल्या. "तवा घरात एक ठासणीची होती. ते लोक रात्री आले, म्हणाले बंदूक द्या. बाबांनी दिली. एक शब्द बोलले नाहीत. तशाच रात्री आम्हा बायापोरांना गाडीत घालून वऱ्हाडात धाडलं. बैलांच्या घुंगरमाळा काढून ठेवल्या होत्या, आवाज नको म्हणून. मी दहा-अकरा वर्षांची असंन. बंदूक दिली म्हणून आम्ही जगलो बाबा. पण बाबांच्या मनातून ते गेलं नाही कधी."

मित्र काहीच बोलला नाही.

आत्यांचं बोलणं नकाशावर ठेवून बघा. लोणार, मेहकर, देऊळगाव राजा हा भाग तेव्हा वऱ्हाडात, म्हणजे आधी इंग्रजी मुलखात आणि १५ ऑगस्ट १९४७ नंतर स्वतंत्र भारतात. परतूर-मंठा निजामाच्या राज्यात. मधे एक न दिसणारी रेघ. ती ओलांडली की माणूस सुटला. तेरा महिने मराठवाड्यातल्या कित्येक कुटुंबांनी ती रेघ रात्रीच ओलांडली. तिकडं निजामासाठी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक विमानानं चोरून शस्त्रं आणत होता, आणि इकडं पाटलांच्या घरातल्या ठासणीच्या बंदुका काढून घेतल्या जात होत्या. रझाकारांना विरोध करणारे सगळे एका धर्माचे होते असंही नाही. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांनीच मारलं.

आत्यांनी निघताना अजून एक वाक्य टाकलं. "आम्ही परत आलो तवा गावातली त्यांची घरं रिकामी होती. मग पळायची पाळी त्यांची आली." त्या पुढं बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही. पण पंडित सुंदरलाल समितीनं पोलीस ॲक्शननंतर काय झालं ते लिहून ठेवलंय. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांचे सर्वात जास्त बळी गेले. तो अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आलाच नाही. १७ सप्टेंबरच्या भाषणांत ते पान आपण अजूनही उलटत नाही.

येताना गाडीत मित्र म्हणाला, "बंदूक देऊन टाकली, हे पाटीवर कसं लिहायचं रे?"

मला यातलंच कळतं थोडंफार, म्हणून मांडतो. आपल्याकडं मुक्तिसंग्राम म्हटलं की प्रत्येकाच्या घरात एक बंदूक पाहिजे, प्रत्येकाच्या आजोबांनी दोन-चार रझाकार पळवलेले पाहिजेत. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तुरुंगात गेले, सरहद्दीवरच्या कॅम्पांतून तरुण लढले, कित्येक हुतात्मे झाले. ते खरंच आहे. पण बाकीच्या लाखो लोकांनी काय केलं? घाबरले. पोरंबाळं वाचवली. बैलांच्या घुंगरमाळा काढल्या. त्याची लाज का वाटावी? आबा खोटं बोलले असं मला वाटत नाही. बहुतेक ते गप्प राहिले, आणि त्यांच्या गप्प राहण्यात पुढच्या दोन पिढ्यांनी गोष्ट भरली. भिंतीवर रायफल होतीच, तिला गोष्ट चिकटली.

आणि ती चमकवली असती तर सिंह गेला असता. गोष्ट कायमची खरी झाली असती. पुढच्या पिढीनं कशाच्या आधारावर विचारलं असतं?

रायफल आता तयार आहे. नळीवर गंजाचे डाग दिसतात, दस्त्याची भेग सांधलेली कळते. शिकारीचा प्रश्नच नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवाने संपले. काचेच्या पेटीचा बेत मित्रानं सोडला. रायफल कुलपात आहे, तिथंच ती असायला पाहिजे. पितळी पाटी त्यानं दुकानदाराकडून मागच्या बाजूनं नव्यानं कोरून घेतली. त्यावर आत्यांचं वाक्य आहे : 'बंदूक दिली म्हणून आम्ही जगलो.' बैठकीत आबांच्या फोटोखाली लावलीय. काही भाऊबंद नाराज आहेत. एक चुलते म्हणाले, घराण्याची अब्रू घालवली. मित्र त्यांना म्हणाला, "काका, लोणारला जा आन् आत्याला विचारा."

तुमच्याही घरात तलवार असेल, सनद असेल, बंदूक असेल, एखादी गोष्ट असेल. घासून चमकवायच्या आधी त्यावरचे शिक्के बघा. आणि १९४८ पाहिलेलं कुणी घरात असेल तर या आठवड्यातच जाऊन बसा त्यांच्याजवळ. मोबाईलवर आवाज टिपून घ्या. मधे बोलू नका. त्या गप्प झाल्या तर आपणही थांबा.

आत्यांचं बोलणं आम्ही टिपून घेतलंय. चाळीस मिनिटांचं आहे. त्यात बंदुकीबद्दल जेमतेम दोन मिनिटं आहेत, बाकी सगळं बैलगाडीबद्दल.