शॅननच्या कुंपणापाशी

जाड कोट घ्या. ऑक्टोबर 1958, आयर्लंडचा पश्चिम किनारा, रात्रीचे दोन. पाऊस पडतोय असं म्हणवत नाही, हवेतच पाणी उभं आहे. तुम्ही शॅनन विमानतळावरच्या ड्यूटी फ्री दुकानात शिरता. अशा तऱ्हेचं जगातलं हे पहिलं दुकान, 1947 पासूनचं. काउंटरवरची बाई काच पुसतेय. गिऱ्हाईक नाही, म्हणून तीच काच पुन्हा पुसतेय.

आजवर अटलांटिक ओलांडणारी पंख्यांची विमानं तेल भरायला इथं उतरायची. प्रवासी पाय मोकळे करायचे, दांडीच्या पेल्यातून आयरिश कॉफी प्यायचे : खाली व्हिस्की आणि साखर, वर न ढवळलेली साय. याच महिन्यात अटलांटिकवर जेट सुरू झालंय आणि जेटला शॅननची फारशी गरज उरणार नाही. घाटाला बायपास झाला की जुन्या नाक्यावरच्या वडेवाल्याची जी गत होते, ती इथं अख्ख्या तालुक्याची व्हायची आहे.

बाहेर बाकावर एक पोरगा बसलाय, सुतळीनं बांधलेली पुठ्ठ्याची बॅग पायांत धरून. पहाटे बस, मग बोट, मग इंग्लंडात विटा वाहायच्या. या एका दशकात सुमारे 4 लाख माणसं देश सोडून जातील; 1961च्या खानेसुमारीत देशात मोजून 28 लाख उरलेली असतील. तुम्हाला हे आकडे ठाऊक आहेत, त्याला नाहीत. त्याला सांगू नका. आमच्या चाकरमान्यांना निदान गणपतीला गावी परतायला गाडी तरी मिळायची.

आता थोडं पुढं सरका. विमानतळाच्या खानपान विभागाचा प्रमुख ब्रेंडन ओ'रीगन, याच क्लेअर परगण्यातला माणूस, एक अचाट हिशेब मांडतो. विमानं उतरणार नसतील, तर त्यांना उतरायला लावेल असा माल इथंच तयार करायचा. धावपट्टीला लागून कुंपण घालायचं. आत येणाऱ्या कच्च्या मालावर जकात नाही, आणि निर्यातीच्या नफ्यावर 1983 पर्यंत कर नाही. 1959 मध्ये यासाठी सरकारी विकास कंपनी उभी राहते. त्याच वर्षी पंतप्रधान होतात शॉन लेमास. गंमत अशी की परक्या भांडवलाला दार लावणारे कायदे 1930च्या दशकात झाले, तेव्हा उद्योगमंत्री हेच होते. आता दार उघडायलाही तेच. मला हा माणूस आवडतो. चूक कळल्यावर ती वर्षानुवर्षं तत्त्व म्हणून मिरवणारे पुढारी आपण कमी पाहिलेत का?

1962 मधल्या एका सकाळी त्या कुंपणाच्या तारेपाशी उभे राहा. चिखल घोट्यापर्यंत. विकास कंपनीनं शेड आधी बांधल्या, भाडेकरू नंतर शोधले, म्हणून काही शेड अजून रिकाम्या. पण ही उजेडातली खिडकी बघा : पांढऱ्या झग्यातल्या मुली ओळीनं बसल्यात, समोर ट्रान्झिस्टर रेडिओची पोटं उघडी. सोनीचा माल. एकीनं सोल्डरिंगचा धूर फुंकरीनं बाजूला केला, कदाचित आईच्या चुलीपुढे करायची तसाच. पलीकडे औद्योगिक हिरे. विमानानं न्यायला परवडेल असा हलका, महागडा माल हवा, हे सूत्र. आणि तरीही एका डच कंपनीनं इथं पियानो बनवायला घेतलेत! पियानो विमानातून कसे न्यायचे हे विचारायला तुम्ही फाटकाकडे वळता. कस्टमचा माणूस हात आडवा करतो. पास?

नाही ना. मग टेकडीवर चढा. ड्रमगीलीला घरं उठताहेत, कारण इथं गावच नव्हतं. मजूर वीसेक किलोमीटरवरच्या लिमरिकहून यायचे. खरी करामत मला इथं दिसते. करमाफी कुणीही देऊ शकतं. कारखान्याबरोबर घर, शाळा, दुकान बांधत त्याच चिखलात मुक्काम ठोकणारं सरकारी खातं मात्र विरळा.

सगळं गोड नव्हतं. 1968 मध्ये एका बड्या अमेरिकन कंपनीच्या कारखान्यानं युनियनला मान्यता द्यायचं नाकारलं, संप चिघळला, कामगारांना नेणाऱ्या बसगाड्या पेटल्या. नफ्यावर कर नाही म्हणून आलेल्या पाहुण्याला युनियन तरी कशाला हवी असेल?

तरी हे कुंपण बघायला जग आलं. 1980 मध्ये चीनहून जिआंग झेमिन आले, पुढे तिथले राष्ट्राध्यक्ष झालेले. त्याच वर्षी चीनमध्ये शेन्झेनचं विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झालं. आपण त्याआधीच ही वाट धरली होती : 1965 मध्ये कांडला, 1973 मध्ये मुंबईत अंधेरीला सीप्झ. सीप्झच्या पूर्ण नावात मात्र सांताक्रूझ, कारण सांताक्रूझचा विमानतळ जवळ.

तेव्हा शेवटची उडी या सीप्झपाशीच, 1990च्या आसपास, संध्याकाळी सहाला. फाटकातून बायकांचा लोंढा बाहेर पडतोय. आत हिऱ्यांचं आणि सोन्याचं काम, म्हणून प्रत्येकीची पिशवी उघडली जाते, डब्याचं झाकणसुद्धा.

"दादा, आटपा ना, सहा-वीसची लोकल जाईल."

"मावशी, मी काय करू? रांगेत या."

डबा रिकामा निघतो, तळाला भाजीचं तेल. ती धावत सुटते. तुम्ही उलट्या दिशेनं आत जायला बघता आणि वॉचमन काठी आडवी धरतो.

"पास?"